ग्रुप बंद करू नका, वादाला कागद मागा

प्रश्न : मी नाशिकमधल्या १४० सदनिकांच्या सोसायटीची सचिव आहे. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाण्याची वेळ, लिफ्ट, पार्किंग यासाठी काढलेला. विधानसभेच्या वेळी त्यावर राजकारण सुरू झालं आणि आता महापालिकेच्या निमित्ताने रोज भांडणं. दोन शेजारी कुटुंबांचं बोलणं तुटलं, चारजण ग्रुप सोडून गेले, टँकरचा मेसेज फॉरवर्डखाली गाडला जातो. एक काका रोज टाकतात की यादीत नाव नसलं तरी 'चॅलेंज व्होट' मागा. कमिटीतले काहीजण म्हणतात, अमुक उमेदवाराने पेव्हर ब्लॉक बसवून दिले, तर अख्ख्या सोसायटीचं मत त्यालाच, असं ग्रुपवर जाहीर करू. अ‍ॅडमिन मी आहे, उद्या केस झाली तर माझ्यावर येईल का? दीर जिल्हा परिषदेत लिपिक आहेत, तेही वादात उतरतात. अमेरिकेतला मुलगा विचारतो, ऑनलाइन मत देता येतं का. ग्रुपच बंद करून टाकू का?

उत्तर : ताई, ग्रुप बंद करू नका. तो बंद झाला की दुसऱ्या दिवशी दोन नवे ग्रुप निघतील, एकेका बाजूचे. मग समोरच्याचं म्हणणं कुणाच्या कानावरच पडणार नाही. 'राजकारण बोलायचं नाही' असा नियम केलात तरी तो टिकणार नाही, कारण सोसायटीतलं पाणी, कचरा आणि समोरचा खड्डा हे सगळं महापालिकेचंच आहे. त्यावर बोलणं म्हणजे राजकारणच. तुमचं खरं दुखणं वेगळं आहे. दोन वेगळी कामं एकाच ग्रुपात कोंबली गेली आहेत, आणि जे वाद चालतात त्यांत तपासता येईल असं काहीच नसतं.

आधी ग्रुपचं. सध्याचा ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा. ग्रुपच्या नावावर टॅप केलं की खाली परवानग्या दिसतात. तिथे मेसेज फक्त अ‍ॅडमिन पाठवू शकतील असं करा. टँकर, लिफ्ट, मेंटेनन्स एवढंच तिथे. चर्चेसाठी दुसरा ग्रुप काढा, पण त्यात कुणालाही परस्पर घालू नका. सूचना-ग्रुपवर लिंक टाका. ज्याला यायचं तो येईल. लिंक एकदा बाहेर गेली की प्रचारवाले हमखास घुसतात, म्हणून नवा सदस्य अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच येईल ही सोय सुरू ठेवा आणि नाव-सदनिका क्रमांक विचारल्याशिवाय मंजुरी देऊ नका. मेसेज आपोआप गायब होण्याची सोय बंद ठेवा. भांडण झालं तर कोण काय म्हणालं हे दिसायला हवं.

चर्चा-ग्रुपला दोन अ‍ॅडमिन हवेत, आणि ते दोन वेगळ्या पक्षांकडे झुकणारे हवेत. ही अट सोडू नका. बहुतेक ग्रुप फुटतात ते शिवीगाळीमुळे नाही. अ‍ॅडमिनने एकाच बाजूचे मेसेज काढले, या संशयाने फुटतात. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी काढता येतो आणि तो अ‍ॅडमिनने काढल्याची खूण तिथे राहते. खूण दिसते, कारण दिसत नाही, तिथूनच वाद पेटतो. म्हणून मेसेज काढला की लगेच एका ओळीत कारण लिहा. सुरुवातीला टाकायची सूचना साधारण अशी असू द्या :

«हा ग्रुप निवडणुकीच्या चर्चेसाठी आहे. स्वतःच्या शब्दांत लिहा. फॉरवर्ड टाकायचा असेल तर तो कुठून आला आणि तुम्ही काय तपासलं हे सोबत लिहा. दुहेरी बाणाचा फॉरवर्ड थेट काढला जाईल. जात, धर्म, कुणाचं घरचं आयुष्य यावर मजकूर नको. रात्री १० ते सकाळी ७ शांतता. मेसेज काढला तर कारण सांगितलं जाईल. दोनदा सूचना, तिसऱ्या वेळी निकालापर्यंत बाहेर.»

दुहेरी बाण म्हणजे तो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, ही मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने २०२० पासून घातली आहे. दुहेरी बाण असला की तो खोटाच असं नाही. पण पाठवणाऱ्याला त्याबद्दल प्रश्न विचारला तर उत्तर देता येत नाही, हे नक्की. रात्रीची बंदी कदाचित बालिश वाटेल, तरी ठेवा. दिवसभराच्या चिडीवर रात्री लिहिलेला मेसेज सकाळी मागे घेणं माणसाला जड जातं.

एक गोष्ट मात्र करू नका : 'तुमचं मत कुणाला' असा ग्रुपवर पोल. कोणी कशावर बोट ठेवलं हे त्यात साधारणपणे सगळ्यांना नावासकट दिसतं. मत गुप्त असतं ते अशाच शेजाऱ्यांपासून.

आता तुमची केसची भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका ग्रुप अ‍ॅडमिनविरुद्धचा खटला रद्द करताना म्हटलं की, अ‍ॅडमिनकडे सदस्य घेण्याचा-काढण्याचा अधिकार असतो, मेसेज जाण्याआधी तपासण्याचा नसतो. त्यामुळे दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची फौजदारी जबाबदारी केवळ अ‍ॅडमिन म्हणून त्याच्यावर येत नाही. दोघांचा एकच हेतू होता किंवा आधी ठरवून केलं हे दिसलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे तुमची जोखीम अ‍ॅडमिनपदात नाही. तुम्ही स्वतः काय पुढे ढकलता त्यात आहे. निवडणुकीच्या काळात पोलिसांकडून अ‍ॅडमिनना खबरदारीची नोटीस येते कधी कधी. ती आली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. नोटीस जपून ठेवा, ग्रुपवर टाका, पुढे चला.

काय लिहिलं तर अंगाशी येऊ शकतं, हेही ग्रुपला सांगून ठेवा. निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटी गोष्ट वस्तुस्थिती म्हणून पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे. 'पाच वर्षांत एक गटार साफ केलं नाही' ही टीका झाली, ती खुशाल करा. 'याची दुसरी बायको अमुक गावात आहे' ही टीका नव्हे. समाजांत तेढ लावणारा मजकूर त्याहून गंभीर. त्याला तुरुंगवास आहे. स्वतःच्या खात्यावर स्वतःचं राजकीय मत लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. पैसे देऊन पोस्ट पसरवली की मात्र ती जाहिरात होते. लोकसभा-विधानसभेत तशी जाहिरात करण्याआधी जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीकडून तिची तपासणी करून घ्यावी लागते, आणि उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर पैसे खर्च करणं हा वेगळा गुन्हा. उत्साहात पाचशे रुपये लावून नेत्याची पोस्ट 'बूस्ट' करणाऱ्या तरुण पोरांना हे ठाऊक नसतं.

काकांकडे वळू. त्यांचा फॉरवर्ड गेली अनेक वर्षं प्रत्येक निवडणुकीत फिरतो आहे आणि त्याने खरं नुकसान होतं. त्यात तीन दावे असतात : यादीत नाव नसलं तर आधार दाखवून चॅलेंज व्होट मागा, तुमच्या नावावर कुणी मत टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा, आणि १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाली तर त्या केंद्रावर फेरमतदान होतं. यातला मधला तेवढा खरा आहे. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतल्या ४९ पी नुसार तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल, तर ओळख पटवून दिल्यावर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ती पाकिटात वेगळी ठेवतात. ते यंत्रातलं मत नव्हे. चॅलेंज म्हणजे उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने दोन रुपये भरून समोरच्या मतदाराच्या ओळखीवर घेतलेली हरकत. ती मतदाराची सवलत नाही. नाव यादीत नसेल तर कुठलंही ओळखपत्र दाखवून मत देता येत नाही. आणि १४ टक्क्यांचा नियम कुठेच नाही. काकांना सगळ्यांदेखत खोटं पाडू नका. त्यांना फोन करा आणि म्हणा, 'तुमचा टेंडर व्होटचा मुद्दा बरोबर आहे, बाकीचे दोन चुकीचे निघाले, तुम्हीच दुरुस्त करून टाका.' त्यांनी स्वतः टाकलेली दुरुस्ती लोक वाचतात. दुसऱ्याने केलेली दुरुस्ती म्हणजे नवं भांडण.

हा फॉरवर्ड घातक का, तर नाव नसलेला माणूस त्याच्या भरवशावर मतदानाच्या दिवसापर्यंत गप्प बसतो. तोवर वेळ गेलेली असते. नाव नोंदवायला नमुना ६, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला नमुना ८, मृत किंवा स्थलांतरिताचं नाव वगळायला नमुना ७. भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतात, १९५० या क्रमांकावर चौकशी करता येते. विधानसभा-लोकसभेत उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की यादीत बदल होत नाही, आणि अर्जाची छाननी व्हायला दिवस लागतात, म्हणून त्याआधी निदान दहा-बारा दिवस तरी अर्ज पोचलेला हवा. महापालिकेचा मामला आणखी अवघड आहे. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी वापरतो विधानसभेचीच, एका ठरावीक तारखेची, प्रभागांनुसार फोडून. त्या विभागणीत अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात जाते, हे नेहमी होतं. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींना मोजके दिवस मिळतात. त्या वेळी चुकीचा प्रभाग, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळालेलं नाव एवढंच दुरुस्त होतं. नवं नाव तेव्हा घालता येत नाही. तुमच्या चर्चा-ग्रुपचं सगळ्यात उपयोगी काम हेच ठरेल : प्रत्येक मजल्यावरच्या एकाने आपल्या मजल्याची नावं प्रारूप यादीत शोधायची आणि कुठलं सापडलं नाही ते लिहायचं. एका संध्याकाळचं काम आहे. प्रभागात चार जागा असतील तर चार वेळा बटण दाबायचं असतं, हेही आत्ताच सांगून ठेवा. केंद्रावर जाऊन पहिल्या बटणानंतर बाहेर निघणारे असतात.

पेव्हर ब्लॉकचा विषय सर्वांत नाजूक, कारण बोलणारे कमिटीतलेच आहेत. त्यांना एकच विचारा : पैसे कुठल्या निधीतून आले? उमेदवार आधी नगरसेवक होता आणि काम प्रभागाच्या निधीतून झालं असेल, तर ते तुमच्याच घरपट्टीचे पैसे, उपकार कसला? आणि निवडणुकीच्या तोंडावर खिशातून करून दिलं असेल, मताच्या बदल्यात, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १७० त्याला लाच म्हणतं. देणारा जसा गुन्हेगार तसाच घेणाराही, शिक्षा एक वर्षापर्यंत. 'पेव्हर ब्लॉक मिळाले म्हणून आमची मतं यांना' असं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिणं म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच तयार करून ठेवणं. सचिव म्हणून तुम्ही तो मेसेज सोसायटीच्या नावाने जाऊच देऊ नका. कुणाचाही पाठिंबा जाहीर करणं हे कमिटीचं काम नाही.

उमेदवार सबंध सोसायटीच्या मागे का लागतात तेही लोकांना कळू द्या. निकालात मतदान केंद्रनिहाय आकडे येतात. मोठ्या सोसायटीचं स्वतंत्र केंद्र असेल तर कुठल्या केंद्रावर किती मतं पडली हे सगळ्यांना दिसतं. शब्द दिला आणि पडली निम्मीच, तर पुढची पाच वर्षं टोमणे कुणी ऐकायचे? शब्द न देणंच सोयीचं.

त्याऐवजी सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्नपत्रिका पाठवा. पाच प्रश्न, लेखी, सगळ्यांना सारखेच, उत्तराची तारीख एकच. प्रश्न महापालिकेच्या हातातले हवेत. पोलीस आणि वीज राज्याकडे, परराष्ट्र धोरण दिल्लीकडे. नगरसेवकाला त्याबद्दल विचारून हाती भाषणच लागेल. गंगापूर आणि मुकणे धरणांतून येणारं पाणी आपल्या भागात दिवसातून किती वेळ आणि किती दाबाने येणार, गोदावरीत जाणाऱ्या नाल्याचं काय करणार, २०२७ च्या सिंहस्थासाठी खोदलेले रस्ते कधी बुजवणार, असं विचारा. 'पाण्याचा प्रश्न सोडवाल का' असं विचारलंत तर उत्तर 'हो' येईल, आणि त्या 'हो'चा उपयोग शून्य. किती, कुठे, कधीपर्यंत, कुठल्या लेखाशीर्षातून म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून, हे शब्द प्रश्नात घाला. आलेली उत्तरं काटछाट न करता ग्रुपवर टाका. ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्या नावापुढे 'उत्तर नाही' एवढंच. सोबत प्रत्येकाच्या शपथपत्राची प्रत : गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ही माहिती उमेदवाराला द्यावी लागते. वाचताना एक काळजी घ्या. 'गुन्हा दाखल', 'आरोप निश्चित' आणि 'शिक्षा' या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. आंदोलनात बसल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एकाच रांगेत मोजून 'याच्यावर नऊ केसेस' म्हणणं हा आवडता खोटेपणा आहे, आणि तो सगळेच पक्ष करतात.

आकड्यांवरून भांडणं होतात त्यांचंही असंच. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाची टक्केवारी संध्याकाळी ५ ला ५८.२२ सांगितली गेली आणि अंतिम ६६.०५ आली. यावरून तुमच्या ग्रुपवर नक्कीच जुंपली असेल. विरोधकांनी प्रश्न विचारले. भारत निवडणूक आयोगाचं म्हणणं असं की ५ चा आकडा तात्पुरता असतो, मतदान ६ पर्यंत चालतं आणि तेव्हा रांगेत असलेल्यांना मत देता येतं. ग्रुपवर हा वाद चारशे मेसेजनी सुटणार नाही. प्रत्येक केंद्रावर मतदान संपल्यावर नमुना १७ सी भरला जातो, त्यात त्या केंद्रावर पडलेल्या मतांची संख्या असते आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. ज्याला शंका आहे त्याने आपल्या केंद्राच्या प्रतिनिधीकडची प्रत आणि निकालातला आकडा शेजारी ठेवावा. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच १९६१ च्या नियमांतला नियम ९३ बदलून केंद्रावरच्या चित्रीकरणासारखी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रं सर्वसामान्यांना पाहण्यावर मर्यादा आणली गेली, यावर टीका जरूर करा. ती रास्त चर्चा आहे. पण 'सगळं मॅनेज असतं' आणि 'हरले की रडतात' या दोन वाक्यांपलीकडे जायचं तर हातात कागद हवा.

व्हिडिओचं काय, तर आता नेत्याचा आवाजही बनवता येतो. ठळक प्रसंगाचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर टाका, जुना व्हिडिओ बहुतेकदा तिथेच सापडतो. खोट्या व्हिडिओंपेक्षा जुने, दुसऱ्या राज्यातले खरे व्हिडिओ नव्या मथळ्याने जास्त फिरतात. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांना सांगितलं की बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. म्हणून तक्रार करताना मूळ पोस्टची लिंक, दिनांक, वेळ जपून ठेवा. आधी पुरावा, मग मेसेज काढणं. विधानसभा-लोकसभेत पैसे वा दारूवाटप दिसलं तर सी-व्हिजिल अ‍ॅपवर तिथल्या तिथे फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ घेऊन, नाव न देताही तक्रार करता येते, आणि १०० मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट आहे. गॅलरीतला जुना फोटो त्यात चालत नाही. महापालिकेला मात्र भारत निवडणूक आयोगाचं हे अ‍ॅप लागू नाही. तिथे तक्रार प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

मतदान संपायच्या आधीचे ४८ तास चर्चा-ग्रुपही फक्त अ‍ॅडमिनसाठी करा. सगळ्या शेजाऱ्यांच्या गप्पांना कायद्याने बंदी आहे असं नाही, पण अफवा सर्वांत जास्त त्याच दोन दिवसांत येतात. उमेदवार आजारी पडला, माघार घेतली, यंत्र बदललं, असं काहीही. त्या दिवसांत 'एक्झिट पोल'चा कुठलाही स्क्रीनशॉट पुढे जाऊ देऊ नका. लोकसभा-विधानसभेत तो ठरवून दिलेल्या वेळेआधी प्रसिद्ध करणं शिक्षापात्र आहे. मतदान यंत्राचा फोटो तर नकोच नको.

दिरांना चर्चा-ग्रुपमध्ये घेऊ नका. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. मत द्यायचा हक्क त्यांना पूर्ण आहे, पण निवडणुकीच्या प्रचारात पडणं आणि आपण कुणाला मत देणार वा दिलं हे सूचित करणं त्यांना चालत नाही. 'आम्ही तर कमळच' किंवा 'आमचा पंजाच' ही एक ओळ, पुढे बढतीच्या वेळी कुणी स्क्रीनशॉट काढून दिली तर खुलासा करत बसावं लागेल. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावरही नियम काढले आहेत. सूचना-ग्रुपवर ते असायला हरकत नाही.

मुलाला सांगा, ऑनलाइन मत नाही. तसा जो फॉरवर्ड फिरतो तो खोटा. भारतीय नागरिकत्व कायम असेल आणि तिकडचं घेतलं नसेल तर पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नमुना ६ ए भरून त्याला विधानसभा-लोकसभेसाठी अनिवासी मतदार होता येतं. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः यावं लागतं. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर नमुना ७ भरून नाव काढून घ्या. आणि सोसायटीची यादी तपासायला बसाल तेव्हा अशी परदेशी, पुण्याला, बंगळूरला गेलेली नावं वेगळी लिहून काढा. बोगस मत पडतं ते बहुधा अशाच नावांवर, आणि मतदान प्रतिनिधीकडे ती यादी असेल तर तो दोन रुपये भरून वेळेत हरकत घेऊ शकतो.